डायलिसिससाठी मानेत नळी टाकल्यापासून आईचा उजवा हात वर जात नाहीये आणि पापणी पडलीये

कोयनाकाठ
१२ जून, रात्री ११:४०

मंडळी, आई ६१ वर्षांची, शुगर १८ वर्षांपासून, किडनीचं दोन वर्षांपासून माहीत होतं पण ती फॉलोअपला जायचं टाळत राहिली आणि आम्हीही फार मागे लागलो नाही. रविवारी रात्री एकदम धाप लागली, आडवं पडवेना, जिल्ह्याच्या ठिकाणी हॉस्पिटलला नेलं तर क्रिएटिनिन ११, पोटॅशियम वाढलेलं, म्हणाले आत्ताच्या आत्ता डायलिसिस, मानेत नळी टाकावी लागेल, सही करा. केली.

आई जागी होती. ती नंतर सांगत होती की सुई तीन-चार वेळा टोचली, एकदा खांद्यापासून अंगठ्यापर्यंत करंट गेल्यासारखा झाला आणि ती ओरडली, आणि त्याच्या आधी की नंतर ते तिला आठवत नाही पण एकदा लालभडक रक्त जोरात आलं म्हणून त्यांनी बराच वेळ मान दाबून धरली. मग नळी बसली, डायलिसिस झालं, धाप कमी झाली. जीव वाचला हे खरं आहे, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

सोमवारी संध्याकाळी मानेवर उजवीकडे सूज दिसली. मंगळवारी दुसरं डायलिसिस झाल्यावर सूज वाढली. त्याच दिवशी बहिणीच्या लक्षात आलं की आईची उजवी पापणी खाली आलीये, आणि आईने केस विंचरायला हात उचलला तर तो कोपराच्या वर गेलाच नाही. अंगठ्याला आणि दंडाला बाहेरच्या बाजूने बधिरपणा आहे. राउंडला डॉक्टर म्हणाले नस दुखावली असेल, होईल बरी. आम्हाला वाटलं नस म्हणजे ज्यात नळी टाकली ती नस, तिला काय होणारे. आज सिस्टरने समजावलं की ते नर्व्हबद्दल बोलत होते. हे नक्की काय असतं, किती दिवसांत बरं होतं, कुणाला अनुभव आहे का? उद्या दुपारी तिसरं डायलिसिस आहे.

चैत्रपालवी
१३ जून, रात्री १२:२५

कोयनाकाठ, मी भूलतज्ज्ञ आहे, आयसीयूत या नळ्या टाकणं हे माझं रोजचं काम आहे. आईंना न बघता निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलंय त्यातल्या दोन गोष्टी सकाळी राउंडची वाट न बघता ड्यूटीवरच्या डॉक्टरांना सांगा.

आत्ता आईंजवळ असाल तर खोलीतला मोठा लाइट बंद करून दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या बघा. पापणी पडलेल्या बाजूची बाहुली दुसरीपेक्षा बारीक आहे का? असेल तर त्याला हॉर्नर सिंड्रोम म्हणतात. म्हणजे मानेतून वर डोळ्याकडे जाणारी सिम्पथेटिक नर्व्हची साखळी दाबली किंवा दुखावली गेलीये. लालभडक रक्त जोरात येणं म्हणजे बहुधा सुई शेजारच्या कॅरोटिड धमनीत गेली होती. धमनीला टोचलंय, सूज वाढतेय, आणि त्याच बाजूला हॉर्नर, हे तिन्ही एकत्र असताना धमनीची भिंत आतून फाटलीये का किंवा तिला फुगा आलाय का हे बघावंच लागतं. मानेचा डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, आणि त्यांना गरज वाटली तर सीटी अँजिओ, म्हणजे धमन्यांचा सीटी स्कॅन.

दुसरं, डायलिसिसमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपरिन देतात. उद्याचं डायलिसिस हेपरिनशिवाय करता येईल का विचारा, ते करता येतं. दुसऱ्या डायलिसिसनंतर सूज वाढली हे तुम्हीच लिहिलंय, हे वाक्य जसंच्या तसं त्यांना सांगा.

तांबडी_माती
१३ जून, सकाळी ६:५०

मी डायलिसिस टेक्निशियन आहे, चौदा वर्षं झाली. वरच्या ताईंनी सांगितलंय ते अगदी बरोबर. हेपरिनशिवाय करताना आम्ही मधेमधे सलाइनने फिल्टर धुतो, थोडं जास्त लक्ष ठेवावं लागतं एवढंच. मशीनवर बसवायच्या आधी टेक्निशियनला स्वतः जाऊन सांगा, फाइलमध्ये लिहिलं असेल असं धरून चालू नका कारण सकाळच्या शिफ्टला एकामागून एक पेशंट लागतात. आणि सूज आहे म्हणून नळी काढा असा हट्ट धरू नका, त्या नळीवरच त्यांचं चाललंय. काढायची की ठेवायची हे डॉप्लर बघून ते ठरवतील.

कोयनाकाठ
१३ जून, रात्री ९:१५

चैत्रपालवी ताई, तुमचे उपकार कसे फेडू. बाहुली बारीकच होती. रात्री एकलाच ड्यूटी डॉक्टरांना दाखवलं, तरुण मुलगा होता पण त्याने लगेच मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. सकाळी डॉप्लर झाला, मानेत साधारण चार सेंटिमीटरची रक्ताची गाठ आहे, धमनीला फुगा नाही, दुपारी सीटी अँजिओ पण केला त्यात धमनी फाटलेली नाही. डायलिसिस हेपरिनशिवाय झालं. हात तसाच आहे.

एक विचारू का, पापणी आणि हात यांचा संबंध कसा काय लागतो? नळी तर मानेत एका शिरेत आहे.

चैत्रपालवी
१४ जून, दुपारी ३:१०

धमनी ठीक आहे हे वाचून जीव भांड्यात पडला.

आता तुमचा प्रश्न. आधी एक शब्दाचं बघू, कारण मी हा घोळ वॉर्डात रोज बघते. मराठीत आपण शिरेलाही नस म्हणतो आणि नर्व्हलाही नस म्हणतो. नस सापडत नाहीये म्हणजे शीर, आणि पाठीची नस दबली म्हणजे नर्व्ह. डॉक्टर एक बोलतो, नातेवाईक दुसरंच ऐकतात आणि दोघांनाही वाटतं की बोलणं झालं. मी हल्ली रक्ताची शीर आणि संवेदनेची नर्व्ह असे वेगळे शब्द वापरते.

मानेत ही नळी इंटर्नल जुग्युलर नावाच्या मोठ्या शिरेत जाते. ही शीर आणि कॅरोटिड धमनी एकाच पातळ पिशवीत शेजारी शेजारी असतात आणि दोघींच्या मधे मागच्या अंगाला व्हेगस नर्व्ह असते. त्या पिशवीच्या मागे सिम्पथेटिक साखळी. थोडं बाहेरच्या बाजूला स्केलीन नावाचे स्नायू, पुढच्या स्केलीनच्या अंगावरून फ्रेनिक नर्व्ह खाली श्वासाच्या पडद्याकडे उतरते, आणि पुढच्या-मधल्या स्केलीनच्या फटीतून हाताच्या सगळ्या नर्व्हचा जुडगा बाहेर येतो, त्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. हे सगळं इतक्या थोड्या जागेत आहे की सुई शिरेची मागची भिंत पार करून खोल गेली किंवा थोडी बाहेर सरकली तरी यातलं काहीतरी समोर येतं. अंगठ्यापर्यंत करंट गेला म्हणजे सुईचं टोक त्या जुडग्याच्या वरच्या भागाला लागलं असावं. खांदा उचलणं, दंडाची बाहेरची बाजू, अंगठा, हे सगळं मानेच्या पाचव्या-सहाव्या नर्व्हकडे आहे, म्हणजे तुमचं वर्णन नकाशाशी जुळतंय. वर रक्ताची गाठ. चार सेंटिमीटरची गाठ तिथे बसली की ती पापणीची साखळी आणि हाताचा जुडगा दोन्ही दाबू शकते.

सुई न लागताही हे होऊ शकतं. टोचायच्या आधी जागा बधिर करायला लिग्नोकेन देतो, ते पसरलं तरी पापणी पडते, आवाज बसतो, हात जड होतो, पण ते काही तासांत उतरतं. दुसऱ्या दिवशीही असेल तर औषधावर ढकलायचं नाही.

आणि त्या रात्रीचं म्हणाल तर धाप लागलेल्या पेशंटला सपाट झोपवता येत नाही, मान हलत असते, पोटॅशियम वाढलेलं, हातात वेळ नाही. तज्ज्ञ हातांकडूनही हे घडतं, माझ्याकडूनही एकदा कॅरोटिडला टोचलंय. पण सोनोग्राफीवर बघत टोचलं की धमनीला टोचण्याचं आणि वारंवार टोचण्याचं प्रमाण नक्की कमी होतं. इंग्लंडमध्ये नाइस या संस्थेने २००२ सालीच मानेच्या नळीसाठी सोनोग्राफीची शिफारस केली होती. आपल्याकडे अजून मशीन कुठे आहे, कुठे नाही, कुठे आहे पण रात्री कुलपात असतं.

सुमन६४
१४ जून, रात्री १०:०५

वाचून अंगावर काटा आला. माझ्या वडिलांचं पाच वर्षांपूर्वीचं सांगते. न्यूमोनियासाठी आयसीयूत, मानेत उजवीकडे नळी, दहाव्या दिवशी व्हेंटिलेटर काढायचा प्रयत्न केला तर निघेना, दोनदा काढला दोनदा परत लावला. छातीच्या एक्सरेत उजवा पडदा वर सरकलेला दिसत होता पण सगळे म्हणायचे न्यूमोनियाच आहे अजून. शेवटी एका डॉक्टर मॅडमनी खाटेवरच सोनोग्राफी करून दाखवलं की श्वास घेताना डावा पडदा खाली जातोय आणि उजवा उलट वर जातोय. त्यांनी नळी टाकायच्या आधीचा एक्सरे शोधून काढला, त्यात दोन्ही पडदे जागेवर होते. फ्रेनिक नर्व्ह. घरी आल्यावरही सात-आठ महिने ते सपाट झोपू शकत नव्हते, तीन उशा लागायच्या, अंघोळीला वाकलं की धाप. आता बरे आहेत, एक्सरेत पडदा अजून थोडा वरच आहे.

तुमच्या आईला झोपल्यावर धाप लागते का तेवढं बघा. डायलिसिसच्या पेशंटला पाण्यामुळे पण लागते, म्हणून हे लपून राहू शकतं.

चैत्रपालवी
१५ जून, सकाळी ८:३०

सुमन६४, फार मोलाचं लिहिलंत. नळी टाकल्यावर एक्सरे काढतात तेव्हा सगळ्यांचं लक्ष नळीचं टोक आणि फुफ्फुसाला भोक पडलं नाही ना याकडे असतं, पडद्याकडे बघायचं राहून जातं. उजवा पडदा लिव्हरमुळे तसाही डाव्यापेक्षा थोडा वर असतो, म्हणून जुना एक्सरे शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. ज्याचं फुफ्फुस मुळात चांगलं आहे त्याला एक पडदा बंद पडला तरी फारसं जाणवत नाही, ज्याचं आधीच कमजोर आहे तो तिथेच अडकतो.

मांडवीतीर
१५ जून, सकाळी ११:२०

माझी केमो चालू होती तेव्हा दंडातून पिक लाइन, म्हणजे औषधासाठी शिरेतून आत जाणारी लांब बारीक नळी टाकली, पणजीत. टाकणाऱ्या सिस्टरने आधीच सांगून ठेवलेलं की बोटांत करंट आला तर हात हलवायचा नाही, फक्त करंट म्हणायचं. दुसऱ्या टोचण्यात मधल्या बोटापर्यंत सणक गेली, मी करंट म्हटलं, तिने तिथल्या तिथे सुई मागे घेतली आणि जागा बदलली. दोन दिवस मुंग्या होत्या मग गेल्या. तो एक शब्द आधी ठरवून ठेवलेला म्हणून मला बोलता आलं, नाहीतर मी सहन करत पडले असते, आपल्याला लहानपणापासून सुईला ओरडायचं नाही हेच शिकवलेलं असतं.

नीलकंठ_न
१५ जून, दुपारी १:४५

भाऊ, तुम्ही ऋणी वगैरे म्हणताय पण हा सरळ निष्काळजीपणा आहे. चार वेळा टोचलं, धमनीला टोचलं, सूज आल्यावर हेपरिन दिलं. तक्रार करा.

कोयनाकाठ
१५ जून, रात्री ११:००

नीलकंठ, राग मलाही येतो. पण त्या रात्री तिथे गेलो नसतो तर आई राहिली नसती. माझी तक्रार टोचण्याबद्दल नाहीये, मंगळवारी बहिणीने पापणीचं सांगितल्यावर कुणी वाकून बाहुली बघितली नाही याबद्दल आहे. डिस्चार्ज कार्डाचा कच्चा कागद बघितला, त्यात हाताबद्दल एक शब्द नाही.

नीलकंठ_न
१६ जून, सकाळी ९:१०

ठीक आहे, तुमचं म्हणणं समजलं. मग एवढं तरी करा, केसपेपरची प्रत लेखी अर्ज देऊन मागा. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांप्रमाणे अर्ज केल्यापासून ७२ तासांत द्यावी लागते. आणि डिस्चार्ज कार्डावर हात आणि पापणीचं तारखेसकट लिहून घ्या. पुढच्या डॉक्टरला कळायला नको का की हे कधी सुरू झालं?

रानजाई
१६ जून, सायंकाळी ५:३०

मी फिजिओथेरपिस्ट. हे आज वाचलं, आधी दिसलं असतं तर लगेच लिहिलं असतं. कोयनाकाठ, हात लुळा आहे तोवर खांद्याचा सांधा त्या हाताच्या वजनानेच खाली ओढला जातो. बसताना-चालताना झोळी द्या, झोपताना हाताखाली उशी. उठवताना त्या हाताला धरून ओढू नका, काखेत हात घालू नका, हे घरातल्या प्रत्येकाला सांगा कारण पाहुणे येतात आणि प्रेमाने हात धरूनच उठवतात. दिवसातून तीन-चार वेळा दुसऱ्याने धरून खांदा हळूहळू सगळ्या दिशांना फिरवायचा. शुगरच्या पेशंटचा खांदा महिनाभर हलला नाही तर असा आखडतो की नर्व्ह परत आली तरी हात वर जात नाही.

बधिर जागेवर गरम पाण्याची पिशवी नको. चटका बसलेला कळत नाही, मी त्या फोडांवर ड्रेसिंग होताना बघितलंय.

कोयनाकाठ
९ जुलै, रात्री १०:२०

मंडळी उशिरा लिहितोय. गाठ बरीच विरघळली. पापणी थोडी वर आलीये, बाहुली अजून बारीक आहे. कोपर वाकवता येतंय, खांदा अजून नाही. एनसीव्ही-ईएमजी, म्हणजे नर्व्ह आणि स्नायू किती काम करतात त्याची तपासणी, तिसऱ्या आठवड्यानंतर केली, डॉक्टर म्हणाले आधी केली असती तर खोटी नॉर्मल येऊ शकते कारण दुखावलेला तंतू पूर्ण निकामी व्हायला आणि स्नायूत खुणा दिसायला वेळ लागतो. रिपोर्टमध्ये वरच्या भागात काही तंतू दबलेले, काही आतून तुटलेले पण जुडगा अखंड आहे असं सांगितलं. शिवाय दोन्ही पायांत आणि दोन्ही हातांत शुगर-किडनीमुळे झालेली जुनी न्यूरोपॅथी, म्हणजे नर्व्हचा आजार, निघाली, ती वेगळी.

पण नवीन त्रास. हात रात्री आगीसारखा जळतो म्हणून एका ओपीडीत प्रीगॅबालिन ७५ दिवसातून दोनदा दिलं, चार दिवस झाले, आई दिवसभर झोपून असते, बोलताना अडखळते, हात झटके देतात.

तांबडी_माती
९ जुलै, रात्री १०:४०

आत्ताच्या आत्ता तुमच्या नेफ्रोला, किडनीच्या डॉक्टरांना, फोन करा. हे औषध किडनीवाटेच बाहेर पडतं, किडनी बंद असेल तर साठतं. आमच्याकडे असे पेशंट गुंगीत येतात आणि डायलिसिस झाल्यावर उठून बसतात. त्या ओपीडीत डायलिसिस चालू आहे हे सांगितलं होतं का?

कोयनाकाठ
१० जुलै, रात्री ९:००

नव्हतं सांगितलं. माझीच चूक, फाइल गाडीत राहिली होती. नेफ्रोंनी बंद केलं, आज डायलिसिसनंतर आई बोलायला लागली. आता अगदी कमी डोस फक्त डायलिसिसच्या दिवशी, मशीनवरून उतरल्यावर.

चैत्रपालवी
११ जुलै, दुपारी २:००

बरं झालं वेळेत कळलं. साधी दुखण्याची गोळीसुद्धा मेडिकलमधून परस्पर घेऊ नका, थोडीफार लघवी होतेय ती जपायची आहे. मिथाइलकोबालामिनची इंजेक्शनं कुणी सुचवली तर सांगते, त्याने तुटलेला तंतू जोडला जात नाही, वाढ आपल्या वेगानेच होते.

नर्व्हच्या दुखापतीच्या तीन पायऱ्या धरतात, सेडन नावाच्या ब्रिटिश सर्जनने १९४३ मध्ये मांडलेल्या. नुसतं दबलं असेल तर आठवड्यांत सुटतं, तुमच्या आईंचं कोपर बहुधा त्यात. आतला तंतू तुटला पण वरचं आवरण शाबूत असेल तर तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, मानेपासून खांद्याच्या स्नायूपर्यंत अंतर बघा म्हणजे महिने का लागतात ते कळेल, शुगरमध्ये हा वेग आणखी मंदावतो. आणि पूर्णच तुटली असेल तर ती आपोआप जुळत नाही, तीन ते सहा महिन्यांत काहीच सुधारणा नसेल तर नर्व्हच्या सर्जनला दाखवायचं, कारण वर्ष-दीड वर्ष नर्व्ह न मिळालेला स्नायू नंतर तिला दाद देत नाही. तुमच्याकडे सुधारणा सुरू झालीये, ही चांगली खूण आहे. सप्टेंबरात पुन्हा ईएमजी करा.

कोयनाकाठ
२१ जुलै, सकाळी ७:३०

परवा परमकॅथ, म्हणजे डायलिसिसची जास्त दिवस टिकणारी नळी, टाकायचं ठरलंय, साधी नळी जास्त दिवस ठेवता येत नाही म्हणे. पण ते परत उजवीकडेच म्हणतायत. आई घाबरून रडतेय. डावीकडे का नाही?

चैत्रपालवी
२१ जुलै, सकाळी ९:५०

तिची भीती अगदी खरी आहे, ती धरून बोला. उजवी बाजू यासाठी की तिकडून शीर हृदयाकडे जवळजवळ सरळ उतरते. डावीकडून वळणं घ्यावी लागतात, नळी भिंतीला घासते, शीर अरुंद होते. आणि पुढे फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी ऑपरेशन करून हातातली धमनी शिरेला जोडणं, डाव्या हाताला करायचा असेल तर त्या बाजूच्या मोठ्या शिरा जपायच्या असतात. कॉलरबोनखालची शीर डायलिसिसवाले शक्यतो टाळतात तेही याच कारणाने.

विचारायचं ते असं, सोनोग्राफीवर बघत टाकणार ना, सी-आर्म, म्हणजे टाकताना नळी दाखवणारं एक्सरे मशीन, आहे ना, आणि टाकायच्या आधी दोन्ही हातांची ताकद आणि बाहुल्या बघून कागदावर लिहिणार ना. सोनोग्राफी असली की नर्व्ह नक्की वाचली असं मी म्हणणार नाही, कारण मशीनच्या स्क्रीनवर सुईची दांडी दिसते आणि आपण तिलाच टोक समजतो, टोक तेवढ्यात पुढे गेलेलं असतं. म्हणून मांडवीतीरांचा शब्द आईंना शिकवा.

कोयनाकाठ
२३ जुलै, रात्री ८:४५

झालं. एका टोचण्यात. आईला करंट शब्द शिकवला होता, वापरायची वेळ आली नाही. डॉक्टरांनी आधी दोन्ही हात वर करायला लावले, बोटं दाबायला लावली, टॉर्चने डोळे बघितले आणि टेबलावरून उतरल्यावर परत तेच. मला ते दोन मिनिटांचं काम बघताना रडू आलं.

रानजाई
२४ जुलै, दुपारी १२:१५

खूप छान वाटलं वाचून. खांद्याचे व्यायाम चालू ठेवा, आता आडवं झोपवून हात टेबलावर सरकवायला लावा, वजन न उचलता.

कोयनाकाठ
२९ सप्टेंबर, रात्री १०:१०

बरेच जण विचारत होते म्हणून लिहितो. आईचा हात आता खांद्याच्या रेषेपर्यंत वर जातो. दुसऱ्या ईएमजीत तंतू परत येतायत असं आलं. पापणी बारकाईने बघितली तरच कळते. अंगठा अजून बधिर, सुईत दोरा ओवता येत नाही, ती चिडते. पण परवा तिने उजव्या हाताने भाकरी थापली, एकच, कडा फाटलेली, कुणाला खाऊ दिली नाही, ताटलीत ठेवून फोटो काढायला लावला.

आता प्रश्न फिस्टुलाचा. सर्जन म्हणतायत डाव्या हाताला. पण गेले चार महिने आई सगळं डाव्यानेच करतेय, जेवण, वेणी, टॉयलेट. तोच हात अडकवायचा? की उजवा पूर्ण बरा होईपर्यंत परमकॅथवर थांबायचं?

तांबडी_माती
३० सप्टेंबर, सकाळी ६:४०

थांबू नका असं माझं मत. नळी जितकी जास्त दिवस तितकं इन्फेक्शनचं भय, थंडी वाजून ताप आला की धावपळ. फिस्टुला केला तरी तो सुया टोचण्याजोगा व्हायला सहा आठवडे तरी लागतात, बऱ्याचदा जास्त, तोवर उजवा आणखी सुधारेल. आणि फिस्टुलाचा हात निकामी नसतो, वेणी-जेवण सगळं होतं, फक्त त्या हाताला बीपी, रक्त तपासणी, जड पिशवी, घट्ट बांगडी नाही.

चैत्रपालवी
३० सप्टेंबर, दुपारी १:२०

मीही हेच म्हणेन, आणि ज्या बाजूची नर्व्ह नुकती सावरतेय त्या हाताला नवीन ऑपरेशन नको. फक्त एक गोष्ट घरात सगळ्यांना माहीत असू द्या. फिस्टुलानंतर हात थोडा गार, थोड्या मुंग्या, हे चालतं. पण ऑपरेशननंतर काही मिनिटांत-तासांत पूर्ण पंजा जळायला लागला, बोटं हलेनाशी झाली, तर रक्त वळवल्यामुळे एकाच वेळी तिन्ही नर्व्ह उपाशी पडतायत असं असू शकतं, शुगरच्या पेशंटमध्ये हे जास्त दिसतं. नाडी लागत असते, हात गरम असतो, म्हणून लोक फसतात, भुलीचा अंमल आहे म्हणतात. तेव्हा सर्जनला लगेच, रात्री असला तरी. ऑपरेशनच्या आधी बोटांची ताकद लिहून घ्यायला विसरू नका.

कोयनाकाठ
१८ ऑक्टोबर, रात्री ११:३०

आज सकाळी फिस्टुला झाला. आधी बहिणीने आईच्या दोन्ही हातांचा व्हिडिओ काढून ठेवला, मूठ, बोटं पसरणं, अंगठा करंगळीला लावणं. आत्ता अकरा वाजता परत तेच करायला लावलं, सगळं होतंय, पंजा थोडा गार आहे. मनगटावर हात ठेवला की मांजर गुरगुरल्यासारखं लागतं, आई प्रत्येकाला हात लावून बघायला सांगतेय. दोन वाजता परत उठवून बघणार आहे, गजर लावलाय.